सर सालारजंग आणि वऱ्हाडचें शल्य

आमच्या गोरेगांवाहून वाशीमकडे निघालें कीं वऱ्हाड लागतें. आज इकडचा व तिकडचा प्रदेश एकाच महाराष्ट्रांत आहे. परंतु एके काळीं ह्याच वऱ्हाडासाठीं निजामाच्या एका थोर दिवाणानें आपलें आयुष्य झिजविलें. मीर तुराब अली खान ऊर्फ सर सालारजंग ह्यांची ही हकीगत आहे.

ता. २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या हवालीं झाले. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेचा खर्च! ती फौज इंग्रजांच्या हुकमतींत, खर्च मात्र निजामाचा. तिचीच एक छावणी आपल्या हिंगोलीस होती. तहावरील शाई वाळते न वाळते तोंच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले, आणि त्यांचे २४ वर्षांचे पुतणे सालारजंग त्या जागीं आले. करार दुसऱ्याचा, ओझें त्यांच्या शिरावर!

१८५७ सालीं हैदराबादेंतील रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तरी सालारजंग इंग्रजांच्याच बाजूस राहिले. त्याबद्दल त्यांस कोणी दोष देईल, कोणी मुत्सद्दी म्हणेल. १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लक्षांचें कर्जही माफ झालें. वऱ्हाड तेवढें राहिलें. पुढें अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला. असा सुपीक मुलूख कोण सुखासुखीं सोडील?

मग अर्ज सुरू झाले. १८७२ सालीं त्यांनीं असें सुचविलें कीं, फौजेच्या खर्चापुरतें व्याज येईल एवढी रक्कम आम्ही ठेव म्हणून देतों, मुलूख परत द्या. नकार आला. १८७६ सालीं ते विलायतेस निघाले. वाटेंत पॅरिस येथें जिन्यावरून पडून त्यांचें मांडीचें हाड मोडलें, तरी ते लंडनास गेलेच. ऑक्सफर्डनें पदवी दिली, लंडन शहरानें मान दिला. मानपत्रें पुष्कळ मिळालीं, वऱ्हाड मिळालें नाहीं. परत आल्यावर १८७७ सालीं त्यांचे प्रतिस्पर्धी विकार-उल-उमरा ह्यांस त्यांच्या इच्छेविरुद्ध सहकारी रीजंट नेमण्यांत आलें. आणि १८७८ सालीं उत्तर आलें कीं, निजाम अज्ञान आहेत, ते वयांत येईपर्यंत हा प्रश्न काढूं नये.

चारचौघांत सालारजंग कधीं तोल सोडीत नसत. परंतु त्यांच्या मनाची तडफड एकदां बाहेर पडलीच. एकतर वऱ्हाड परत मिळावें, नाहीं तर तें न देण्यांत न्याय आहे हें कोणी आपणांस पटवून द्यावें. दोन्ही न घडलें तर आपला मृत्यूच ह्या मागणीचा शेवट करील, अशा अर्थाचें ते बोलून गेले. ज्यास उघड भांडतां येत नाहीं आणि गप्पही बसवत नाहीं, अशा इमानी माणसाची कोंडी आम्हांस ह्याहून अधिक स्पष्ट कोठेंच दिसली नाहीं.

ता. ८ फेब्रुवारी १८८३ रोजीं पटकीनें त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षीं महबूब अली खान वयांत येऊन गादीचे अधिकार त्यांच्या हातीं आले. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन ह्यांनीं वर्षास २५ लक्ष रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें. आणि १९०३ सालीं ती फौजच हिंदी सैन्यांत मिळवून टाकण्यांत आली व हिंगोलीची छावणी उठली.