जाईबाई चौधरी

अमेरिकेत १९५५ साली रोझा पार्क्सबाईंनी बसमधली जागा सोडली नाही, ही हकीकत पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. तशाच मानी जाईबाई आपल्या शेजारच्या उमरेडच्या. जन्म १८९२, महार कुटुंबात. लग्न लहानपणीच झाले. पोटासाठी त्या कामठी स्टेशनावर हमाली करीत. मिशनच्या ग्रेगरीबाईंनी त्यांना चार रुपये पगारावर शाळेत शिकवायला ठेवले. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते, म्हणून सवर्ण पालकांनी तक्रार केली. नोकरी सुटली, डोक्यावर पुन्हा ओझे आले.

पण १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढलीच!

१९३७ साली नागपुरास अखिल भारतीय महिला परिषद भरली. तेथे जेवताना जाईबाईंना निराळे बसविले. बसविणाऱ्या बायकाच होत्या, हे मला फार लागते. दलित भगिनींनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा घेऊन निषेध केला. जाईबाई १९६४ साली वारल्या.

मी सातवी शिकलेली. मला एवढेच कळते, की वाण वाटले म्हणजे मंडळाचे काम संपत नाही. पंगतीत कोण कोणाजवळ बसली, हेही दरवर्षी पाहत जाऊ या.