जोतीराव फुले : निसर्गदत्त हक्कांचा चरित्रपट

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले आणि १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. तथापि जॉन लॉकप्रमाणे राज्यपूर्व निसर्गावस्थेची कल्पना करून ते हक्क सिद्ध करीत नाहीत. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी बळीराजाचे न्यायी राज्य व त्यावरील आक्रमण मांडले. हक्क करारान्वये राज्याकडे सोपविले गेले नाहीत, ते हिरावले गेले, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होय. साहजिकच ते परत मिळविणे हे कृतीचे कार्य ठरते. १८४८ मधील मुलींची शाळा, १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद आणि १८७३ मधील सत्यशोधक समाजाची स्थापना ही या विचाराचीच रूपे होत. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. निर्मिकाने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले, असे त्यात प्रतिपादन आहे. युरोपीय विचारवंतांच्या ‘मानवा’त बहुधा गृहीत धरलेली स्त्री येथे हक्कांची स्वतंत्र धनी म्हणून उभी राहते. जोतीरावांचे वेगळेपण येथेच आहे.