विश्लेषण : इंदूरची शंभर वर्षांपूर्वीची ‘स्वच्छ दिवाळी’ काय होती? पॅट्रिक गेडिस कोण होते?

केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा पहिले आले (२०२३ मध्ये सुरतसोबत संयुक्तपणे). पण शहर स्वच्छ करण्यासाठी नागरिकांनीच रस्त्यावर उतरण्याचा इंदूरचा इतिहास त्याहून जुना आहे. होळकर संस्थानाच्या काळात, प्लेगच्या सावटाखाली, एका स्कॉटिश प्राध्यापकाने दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला आणि अख्खे शहर झाडू घेऊन कामाला लागले.

गेडिस कोण होते?

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. थॉमस हक्सली यांच्या हाताखाली ते शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावरचे काम कठीण झाले. पुढे ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण त्यांचे लक्ष झाडांइतकेच शहरांकडे वळले. रोप आणि माती यांचे जसे नाते, तसेच माणूस आणि त्याची वस्ती यांचे आहे, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

सुरुवात स्वतःच्या चाळीपासून

१८८६ मध्ये त्यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर लवकरच हे दाम्पत्य एडिनबर्गच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या वस्तीत राहायला गेले. सुखवस्तू लोकांनी सोडून दिलेला, दाटीवाटीचा आणि कोंदट असा तो भाग होता. दोघांनी आधी आपल्या घराची आणि अंगणाची साफसफाई केली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. हळूहळू शेजारीही हाताशी आले.

पुढे त्यांच्या ‘आउटलुक टॉवर’ या संस्थेच्या समितीने जुन्या शहरातील मोकळ्या जागांची पाहणी केली. पडक्या घरांच्या, कचरा साचलेल्या अशा ७५ जागा सापडल्या. सगळ्या मिळून सुमारे १० एकर. त्यातल्या काही जागांवर बागा फुलल्या. या कामात त्यांची मुलगी नोरा पुढे होती आणि झाडांची निगा राखायला वस्तीतली मुले होती.

भारतात ते कसे आले?

१९१४ मध्ये नगररचनेचे प्रदर्शन घेऊन गेडिस मद्रासला निघाले. प्रदर्शनाचे साहित्य वाहणारे जहाज जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडवले. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि प्रदर्शन पार पडले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी ठाणे, नागपूर, बडोदा, लखनौ अशा अनेक शहरांचे अहवाल लिहिले. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. त्याऐवजी मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, तिथे झाडे लावावीत, विहिरी आणि तळी बुजवण्याऐवजी स्वच्छ करावीत, असा त्यांचा आग्रह असे.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण गेले. एप्रिलमध्ये मोठा मुलगा अलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा कलकत्त्यात गंभीर आजारी होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. जूनमध्ये ॲना यांचेही निधन झाले. त्यानंतर गेडिस इंदूरच्या कामात गुंतले.

इंदूरमध्ये नेमके काय झाले?

तेव्हा तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. शहराला प्लेग आणि मलेरियाने ग्रासले होते. हातात नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरणारा हा दाढीवाला साहेब घरे पाडायला आला आहे, अशी लोकांची समजूत झाली. ते स्वाभाविकही होते. १८९७ च्या पुण्यातील प्लेगपासून साहेब दारात येणे म्हणजे घरझडती, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले होते.

गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले. मग जाहीर झाले, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातील लोक घरे जास्तीत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त करतील, झाडे लावतील, त्या भागातून ती जाईल. घरांतला कचरा फुकट उचलण्याची सोयही झाली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चढाओढ लागली. ६ हजारांहून अधिक गाड्या कचरा बाहेर निघाला आणि हजारो उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, लक्ष्मी होती. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून नव्या कपड्यांत, हार घातलेले झाडू घेऊन सफाई कामगार चालत होते. एरवी ज्यांची सावलीही टाळली जाई, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाची जागा मिळाली. तुळशीची हजारो रोपे वाटली गेली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले.

त्या मोसमातला प्लेग ओसरला. मोसम सरत आला होता, हेही त्याचे एक कारण होते. पण लोकांचा गेडिस यांच्यावरचा संशय मात्र गेला. त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे काय?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक होते. त्यांनी निवडलेले विद्यार्थी गो. स. घुर्ये यांनी पुढे हा विभाग नावारूपाला आणला. गेडिस यांना १९३२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्याकडून काय घ्यावे?

गेडिस यांच्या पद्धतीचा क्रम ठरलेला होता. आधी पायी फिरून पाहणी, मग कचरा उचलण्याची खात्रीची सोय, मग लोकांना स्वतःहून काम करावेसे वाटेल असे निमित्त. सोसायटीच्या किंवा प्रभागाच्या स्वच्छता मोहिमेत बहुतेकदा यातली मधली पायरी राहून जाते. लोक रविवारी झाडून कचऱ्याचे ढीग करतात, पण ते उचलायला गाडी येत नाही. इंदूरच्या त्या दिवाळीत गाड्या आधी ठरल्या होत्या.