लेडी हेरिंगहॅम आणि अजिंठ्याच्या भिंती

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील वेलास्केसच्या ‘रोकबी व्हीनस’चा आणि अजिंठ्याच्या लेण्यांचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. तो जोडणारे नाव आहे क्रिस्टियाना हेरिंगहॅम.

१८५२ साली पॉवेल या सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८८० मध्ये डॉ. विल्मॉट हेरिंगहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चेनिनो चेनिनी या इटालियन चित्रकाराच्या चित्रतंत्रविषयक ग्रंथाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची त्यातील रीत त्यांनी स्वतः अंगीकारली. जुने चित्र जाणायचे तर ते स्वहस्ते उतरवावे, ही त्यांच्या अभ्यासाची पद्धत होती. कलाकृती ब्रिटनबाहेर जाऊ नयेत म्हणून १९०३ मध्ये नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड स्थापन झाला, तो त्यांनी दिलेल्या २०० पौंडांच्या आधारावर. याच संस्थेने १९०६ मध्ये ४५,००० पौंडांना ‘व्हीनस’ देशात राखली.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींवर तोवर दोनदा घाला पडला होता. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ च्या आगीत, तर जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या अनेक प्रती १८८५ च्या आगीत, लंडनमध्येच भस्मसात झाल्या. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळे हेरिंगहॅम लेण्यांत राबल्या. कलकत्त्याचे नंदलाल बोस व असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद हे तरुण चित्रकार त्यांच्या सोबतीस होते. वटवाघळांचा वावर, अंधार आणि उंच भिंती यांच्याशी झगडत काम चाले.

भारतात ललितकलाच नाही, असे मुंबईत वर्षे घालवलेले सर जॉर्ज बर्डवुडही त्या काळी म्हणत. हेरिंगहॅम यांनी १९१० मध्ये ‘बर्लिंग्टन मॅगझिन’मधील लेखात अजिंठ्याच्या चित्रकारांची थोरवी मांडली. पांढऱ्या गिलाव्यावर ओढलेली निःशंक तांबडी रेघ हा त्या कलेचा प्राण आहे, हे त्यांनी तंत्राच्या अंगाने दाखवून दिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंडिया सोसायटीच्या संस्थापकांतही त्या होत्या.

मायदेशी परतताच मात्र कोणी तरी आपला पाठलाग करीत आहे, या भ्रमाने त्यांना ग्रासले. पुढील आयुष्य मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहांत सरले. १९१४ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला. १९१५ मध्ये प्रतिकृतींचा ग्रंथ निघाला, तेव्हा त्याचे कौतुक अनुभवण्याच्या स्थितीत त्या नव्हत्या. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दरम्यान १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकरवी भित्तिचित्रांवर लाखेचे रोगण दिले. कालांतराने ते पिवळे पडले आणि मूळ रंग झाकोळले. त्या लेपाआधीची चित्रे कशी दिसत होती, याची साक्ष आज हेरिंगहॅम यांच्या प्रती देतात.