बँटिंगची होडी आणि वाढलेली भूक

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर विल्यम बँटिंग यांची अंत्यविधीची व्यवस्था करणारी पेढी होती. राजघराण्याचं कामही त्यांच्याकडे असे. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अंत्ययात्रेची तयारी याच पेढीने केली. धंदा उत्तम होता, पण मालकाचं वजन तिशीनंतर वाढत चाललं होतं.

चाळिशीच्या आत एका शल्यचिकित्सक मित्राने त्यांना कामाआधी व्यायाम करण्याचा सल्ला दिला. घर नदीजवळच होतं. बँटिंग रोज पहाटे दोनेक तास जड होडी वल्हवू लागले. दंडात बळ आलं, पण भूकही भरमसाट वाढली. त्यांनी ती मनसोक्त भागवली आणि वजन आणखी वाढलं. शेवटी त्याच मित्राने होडी बंद करायला सांगितलं.

पुढे अनेक वर्षं त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. भरपूर चालणं, घोडेस्वारी, समुद्रस्नान, तुर्की स्नान, औषधी झऱ्यांचं पाणी, सगळं झालं. साठी ओलांडली तेव्हा त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये म्हणून ते जिना उलटे, पाठमोरे उतरत. ऐकूही कमी येऊ लागलं होतं.

ऑगस्ट १८६२ मध्ये कानाच्या तक्रारीसाठी ते डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार्ड यांची यकृत आणि मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी कानाबरोबर ताटाचीही चौकशी केली. बँटिंग यांच्या रोजच्या खाण्यात लोणी लावलेला पाव, दूध-साखरेचा भरपूर चहा, बिअर, बटाटे आणि फळांचे टार्ट होते. हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे जवळजवळ बंद केले. मांस, मासे, भाज्या, फळं आणि थोडा कोरडा टोस्ट ठेवला.

तेव्हा वजन होतं २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वर्षभरात ते ४६ पौंडांनी, म्हणजे जवळपास २१ किलोंनी उतरलं. बँटिंग आता जिना सरळ उतरू लागले. १८६३ मध्ये त्यांनी हा अनुभव पुस्तिकेत छापून फुकट वाटला. डॉक्टरमंडळींनी टीका केली, पण पुस्तिका गाजली. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही त्यांच्याच नावावरून आलेला शब्द वापरतात. १८७८ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांचं निधन झालं. इन्सुलिनशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते फ्रेडरिक बँटिंग वेगळे.

एका माणसाचा अनुभव म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. हार्वेंच्या आहारात मद्यही होतं; ते उचलू नये. होडीची गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सणासुदीला घरोघरी केक, नानकटाई, बिस्किटांचे डबे भरतात आणि त्याच सुमारास बंद पडलेला व्यायाम पुन्हा सुरू करण्याचे संकल्पही होतात. अर्धा तास भरभर चालल्याने साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. केकचा एक बऱ्यापैकी तुकडा त्याच्या दुप्पट कॅलरी देतो.

म्हणून व्यायाम सोडायचा असं नाही. हृदय, स्नायू, रक्तातली साखर, झोप यांसाठी तो हवाच. फक्त व्यायाम केला म्हणून स्वतःला बक्षीस देऊ नये. मोठ्या खंडानंतर दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करा आणि आठवड्यागणिक वेळ वाढवा. छातीत दुखलं किंवा वाजवीपेक्षा जास्त दम लागला, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आहार बदलण्याआधीही डॉक्टरांना विचारा. केक कापा, पण तुकडा लहान घ्या आणि उरलेला शेजारी वाटून टाका.