मुकुंदराव पाटील

मुकुंदराव गणपतराव पाटील (१८८५ – १९६७) हे मराठी पत्रकार, लेखक आणि सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते होते. जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु'चे संस्थापक कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते वडील. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडी येथील पाटील घराण्यात ते दत्तक गेले. १९१० मध्ये त्यांनी सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले. पुढे ते तरवडीहून निघू लागले आणि मुकुंदरावांनी ते अखेरपर्यंत चालवले.

विवाह आणि पुरोहितांचा हक्क

सत्यशोधक विवाह ब्राह्मण पुरोहिताविना लागत; वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांना त्यात महत्त्व असे. मात्र गावचे पौरोहित्य हे वंशपरंपरागत वतन होते. यजमानाने विधी दुसऱ्याकडून करून घेतला, तरी वतनदार जोशी दक्षिणेसाठी दावा लावीत आणि सरकारी न्यायालयांनी असे हक्क मान्य केल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ श्रद्धेचा राहिला नाही. पुरोहिताचे उत्पन्न शासनाने वसूल करून द्यावे काय, असा वाद निर्माण झाला. मुकुंदरावांनी 'दीनमित्र'मधून पुरोहिताविना विवाहाचा पुरस्कार केला. 'कुलकर्णी लीलामृत' या काव्यात त्यांनी खेड्यातील कुलकर्णी वतनावर उपरोधाने टीका केली.

सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या जोशी वतनविषयक विधेयकाचे १९२६ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. विधीसाठी न बोलावलेल्या वतनदार पुरोहिताला दक्षिणा मागण्याचा कायदेशीर हक्क त्यानंतर उरला नाही.