पडून राहिलेला अर्ज
अर्ज फेटाळण्यापेक्षा तो नुसता पडून ठेवणे सत्तेला नेहमीच सोयीचे वाटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४२ मध्ये सैन्यात दाखल झाले आणि कॅन्सस राज्यातील फोर्ट रायली छावणीतून त्यांनी अधिकारी-प्रशिक्षणासाठी अर्ज केला. नियमांत वर्णाची अट नव्हती. तरीही महिनोन्महिने उत्तर आले नाही. त्याच छावणीतील मुष्टियोद्धे जो लुई यांनी वरपर्यंत दाद मागितली, तेव्हा कागद हलले. जानेवारी १९४३ मध्ये रॉबिन्सन सेकंड लेफ्टनंट झाले. १९४४ साली बसमध्ये मागे बसण्यास नकार दिल्यावरून उद्भवलेल्या खटल्यात ते लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटले. १९४७ मध्ये अव्वल बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत त्यांनी फोडली. समतेचा नियम नुसता छापून भागत नाही. अर्जाला मुदतीत उत्तर देण्याचे बंधनही हवे.